नॅनोछिद्र लांबट येत होतं, ते असं गोल केलं

नॅनोछिद्र म्हणजे काही नॅनोमीटर रुंदीचं भोक; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सिलिकॉन नायट्राइडचं पटल जेमतेम ५० नॅनोमीटर जाड. गॅलियम आयनांच्या ३० केव्ही (किलोव्होल्ट) झोताने छिद्र पाडलं की ते गोल न येता लांबट यायचं. पहिला संशय अस्टिग्मॅटिझमवर, म्हणजे झोताचा ठिपकाच लांबट होण्याच्या दोषावर, पण तो सुधारणारा स्टिग्मेटर कितीही फिरवला तरी फरक शून्य. मग लक्षात आलं, की लांबटपणाची दिशा दर छिद्राला बदलतेय. दोष झोताच्या आकाराचा असता तर दिशा तीच राहिली असती! म्हणजे झोतच सरकत होता. नायट्राइड विद्युतरोधक, त्यावर धनभार साचतो आणि झोताला ढकलतो. पटलामागे क्रोमचा पातळ थर दिला, करंट काही पिकोअँपिअरवर आणला, स्टेज (नमुना ठेवायचा मंच) स्थिरावू दिला. छिद्र गोल.

व्यास मात्र अजून मोठाच. क्रोम धुऊन काढला आणि आर्गॉन आयनांच्या ३ केव्ही रुंद झोताखाली छिद्र आवळलं. गंमत अशी, की खोलीच्या तापमानाला हा मारा छिद्र बुजवत नेतो, पटल पुरेसं थंड असेल तर रुंदावतो. हार्वर्डच्या गटाने हे २००१ मध्ये दाखवलं. आरपार येणारे आयन डिटेक्टरने मोजत राहायचे, आकडा हव्या पातळीला उतरला की झोत लगेच बंद. इथे हाताच्या चपळाईवर विसंबू नका, झोत अडवणारं शटर थेट मोजणीलाच जोडा.