झेड-टेबल उघडण्याआधी वक्र काढा

दुधाच्या पिशव्या भरणारं एक यंत्र उदाहरणाला घेऊ. पिशवीवर ५०० मिली छापलंय. यंत्र सरासरी ५०३ मिली भरतं, प्रमाण विचलन (मापं सरासरीपासून साधारण किती पसरतात ते) २ मिली आहे आणि भरलेल्या दुधाचं माप प्रसामान्य वितरणात, म्हणजे घंटेच्या आकाराच्या सममित वक्रात, बसतं, असं धरू. एखादी पिशवी ५०० मिलीपेक्षा कमी भरली जाण्याची संभाव्यता किती?

पहिलं काम झेड-स्कोअर काढण्याचं. दिलेल्या मापातून सरासरी वजा करायची आणि प्रमाण विचलनाने भागायचं: (५०० − ५०३) ÷ २ = −१.५. म्हणजे ५०० मिली हे माप सरासरीच्या डावीकडे दीड प्रमाण विचलनावर आहे. वजाबाकीचा क्रम उलटला की चिन्ह उलटतं आणि सुमारे ७ टक्क्यांच्या जागी ९३ टक्के येतात. प्रश्नात व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) ४ दिला असेल, तर त्याचं वर्गमूळ काढून २ ने भागायचं, ४ ने नाही.

कोणत्या झेडला वक्राखालचं किती क्षेत्रफळ येतं ते सांगणारा तक्ता म्हणजे झेड-टेबल. आता त्या टेबलाला हात न लावता कागदावर वक्र काढा. मध्यावर शून्य, दोन्ही बाजूंना १, २, ३ च्या खुणा, −१.५ वर उभी रेघ. हवा तो भाग पेन्सिलीने गडद करा. इथे तो रेघेच्या डावीकडचा. वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजेच संभाव्यता; एकूण क्षेत्रफळ १ असतं, शून्याच्या प्रत्येक बाजूला ०.५. गडद भाग अर्ध्याहून लहान दिसत असेल तर उत्तर ०.५ पेक्षा कमीच यायला हवं. परीक्षेत वेळ नाही म्हणून ही पायरी गाळली जाते, आणि मग चूक झाली तरी ती दिसायला जागाच उरत नाही.

यानंतरचा खरा धोका टेबलातच असतो, कारण पुस्तकांत दोन प्रकारची टेबलं छापलेली असतात. एकात शून्यापासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ असतं, दुसऱ्यात अगदी डाव्या टोकापासून झेडपर्यंतचं. झेड १.५ ला पहिलं टेबल ०.४३३२ देतं, दुसरं ०.९३३२. आपल्या हातात कोणतं आहे हे ओळखायला ०.०० ची नोंद बघा: तिथे ०.०००० असेल तर पहिलं, ०.५००० असेल तर दुसरं. हे न बघता शेजारच्याच्या वहीतली पद्धत आपल्या टेबलाला लावली, तर उत्तर नेमकं ०.५ ने चुकतं.

टेबल वाचताना डावीकडच्या स्तंभात पहिला दशांश आणि वरच्या ओळीत दुसरा शोधा. १.२५ साठी १.२ ची ओळ, ०.०५ चा स्तंभ: दुसऱ्या प्रकारच्या टेबलात ०.८९४४. बऱ्याच टेबलांत ऋण झेड नसतात, पण वक्र दोन्ही बाजूंना सारखा असल्याने अडत नाही. −१.५ च्या डावीकडचा भाग १.५ च्या उजवीकडच्या भागाइतकाच: १ − ०.९३३२ = ०.०६६८. म्हणजे १०,००० पिशव्यांमागे साधारण ६६८ कमी भरलेल्या निघतील.

५०० ते ५०४ मिलीच्या दरम्यान किती? दोन झेड येतात, −१.५ आणि ०.५. दोन्हींची डावीकडची क्षेत्रफळं काढून वजाबाकी करा: ०.६९१५ − ०.०६६८ = ०.६२४७. इथे झेडचीच वजाबाकी करून २ साठी टेबल बघितलं तर ०.९७७२ मिळतं, आणि ते साफ चूक आहे. ‘पेक्षा कमी’ आणि ‘इतकं किंवा कमी’ यांत मात्र या वितरणात फरक पडत नाही, कारण एका बिंदूवरचं क्षेत्रफळ शून्य असतं.

कारखान्याला बहुतेक वेळा उलटा प्रश्न पडतो: फक्त १ टक्का पिशव्या कमी भराव्यात, तर सरासरी कितीवर ठेवायची? आता दुसऱ्या प्रकारच्या टेबलाच्या आतल्या आकड्यांत ०.९९०० (१ − ०.०१) च्या सर्वांत जवळचा शोधा. ०.९९०१ सापडतो, त्याचा झेड २.३३. रेघ डावीकडे आहे म्हणून −२.३३. सरासरी = ५०० + २.३३ × २ = ५०४.६६ मिली. इथे उणे चिन्ह विसरलं तर सरासरी ४९५.३४ येते आणि ९९ टक्के पिशव्या कमी भरतील. वक्र काढलेला असेल तर हे एका नजरेत कळतं.

प्रश्न चार पिशव्यांच्या सरासरीचा असेल, तर प्रमाण विचलन २ राहत नाही; पिशव्या एकमेकींवर अवलंबून नसतील तर ते २ ÷ √४ = १ होतं. मूळच्या यंत्रावर चौघींची सरासरी ५०० च्या खाली जाण्याचा झेड −३, संभाव्यता ०.००१३. ‘सरासरी’ हा शब्द प्रश्नात दिसला की आधी इथे थांबा.

कॅसिओ एफएक्स-९९१ईएस कॅल्क्युलेटरवर स्टॅट मोडमध्ये पी डावीकडचं, क्यू शून्यापासूनचं आणि आर उजवीकडचं क्षेत्रफळ देतं. एक्सेलच्या नॉर्म.एस.डिस्ट फंक्शनमध्ये झेडनंतर ‘ट्रू’ लिहा. ‘फॉल्स’ लिहिलं तर क्षेत्रफळाऐवजी वक्राची उंची मिळते: −१.५ ला ०.१२९५. तीही शून्य ते एकच्या मधली असल्याने संभाव्यता म्हणून सहज खपून जाते.

झेड-स्कोअर कुठल्याही आकड्यांचा निघतो, टेबल मात्र फक्त प्रसामान्य वितरणालाच लागू पडतं. बसची वाट बघण्याचा वेळ सरासरी १० मिनिटं आणि प्रमाण विचलन ८ मिनिटं असेल, तर शून्य मिनिटांचा झेड −१.२५ येतो. टेबलावर विश्वास ठेवला तर १०.५६ टक्के प्रवाशांना शून्याहून कमी वेळ थांबावं लागतं! जे माप शून्याखाली जाऊच शकत नाही, त्याच्या बाबतीत शून्याचा झेड आधी काढा. तो −३ च्या आसपास किंवा त्याहून खाली नसेल, तर हे टेबल बाजूला ठेवा.