जुन्या गाडीचं अर्थिंग: करंट परत कसा येतो ते आधी बघा

पावसाळा लागला की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या शेडसमोर जुन्या गाड्या लागतात आणि तक्रारी त्याच त्या. हेडलाइट पिवळा पडलाय. इंडिकेटर दिला की मागचा ब्रेकलाइटपण लुकलुकतोय. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, मारला की नुसतं टक्क होतंय. तोवर मालकानं नवी बॅटरी घातलेली असते, सेल्फ रिपेअर करून आणलेला असतो, बल्ब बदललेले असतात. सात-आठ हजार गेल्यावर गाडी माझ्याकडं येते आणि काम निघतं एका गंजलेल्या बोल्टाचं. हे पैसे वाचावेत म्हणून सविस्तर लिहितोय.

बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट दिव्यातून, हॉर्नमधून, सेल्फमधून जाऊन मायनसला परत यायलाच हवा. जुन्या गाडीत जाणारी वायर प्रत्येकाला वेगळी असते, पण परत येणारी बहुतेक ठिकाणी नसतेच. बॉडी, चासी म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आणि इंजिन हीच परतीची वायर. या परतीच्या वाटेलाच अर्थ म्हणतात. तीस-चाळीस वर्षं गगनबावड्याचा पाऊस आणि राधानगरीचा लाल चिखल खाल्लेला, दोन-तीनदा डेंटिंग-पेंटिंग झालेला पत्रा आपण वायर म्हणून वापरतोय, हे डोक्यात ठेवा. गंज करंट अडवतो, तसा रंगही अडवतो. गाडी नवीन रंगवून आणली आणि मागचे दिवे मंद झाले, तर नव्वद टक्के वेळा दिव्याच्या बोल्टाखाली रंग गेलेला असतो.

सुरुवातीलाच एक सांगतो. मल्टिमीटर ओहमवर लावून अर्थ तपासू नका. केबलच्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली तरी मीटर शून्यच दाखवतो. डिझेल जीपचा सेल्फ सुरू होताना दोनशे अँपिअर आणि त्याहून जास्त ओढतो. अशा वेळी वाटेत ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा असला तरी दोन व्होल्ट तिथंच खाल्ले जातात. साध्या मीटरला तो अडथळा दिसतच नाही. म्हणून लोड, म्हणजे सेल्फ किंवा दिवा, चालू ठेवून व्होल्ट मोजायचे.

पद्धत अशी. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. डिझेलला स्टॉपची नॉब असेल तर ती ओढून धरायची. पेट्रोलच्या जुन्या गाडीला कॉइलची बारीक वायर काढायची, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर, तिच्यावर आवळलेल्या केबलच्या टर्मिनलवर नव्हे. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडावर. कुणालातरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टच्या आत आला तर अर्थ उत्तम. 0.5 च्या वर गेला तर दोष इथंच आहे, बॅटरीचं दुकान गाठू नका. मग तुकडे पाडून मोजा: खुंटी ते टर्मिनल, टर्मिनल ते चासी, चासी ते इंजिन. ज्या तुकड्यात आकडा उडी मारतो, तो तुकडा उघडायचा.

राधानगरीकडच्या एका मामांची कमांडर जीप आली होती, पूर्वी वडापला, म्हणजे सीट भरून प्रवासी न्यायला चालायची. “नवी बॅटरी हाय, सेल्फ बांधून आणलाय, तरी बी सकाळच्याला उचलत न्हाई,” म्हणाले. मी म्हटलं, “मामा, बसा आत आणि मी सांगितल्यावर सेल्फ मारा.” खुंटी ते चासी 0.1. चासी ते इंजिन जवळजवळ दोन व्होल्ट. खाली वाकून बघितलं तर इंजिन आणि चासीमधली विणलेली तांब्याची पट्टीच नव्हती. कधीतरी गिअरबॉक्स उतरवताना काढलेली, परत बसवलीच नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणजे पट्टी नसेल तर करंटला रस्ता नाही. मग तो मिळेल ती वाट धरतो. इथं त्यानं स्टॉपची केबल धरली होती. तिच्यावरचं प्लास्टिक डॅशबोर्डजवळ वितळून चिकटलं होतं. ॲक्सिलरेटर किंवा चोकची केबल विनाकारण गरम होत असेल, तर आधी ही पट्टी बघा. केबल अशी तापून आगही लागू शकते.

आता नवा पॉइंट कसा करायचा. आधी बॅटरीचा मायनस काढा, आणि काम संपल्यावर मायनस सगळ्यात शेवटी जोडा. प्लस आधी काढताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. ब्रिटिश बनावटीच्या फार जुन्या गाड्यांत प्लसच बॉडीला असतो, तेव्हा हात घालण्यापूर्वी कोणती केबल चासीला जाते ते डोळ्यांनी बघा. तिथं नियम उलटा, जी बॉडीला ती आधी काढायची.

थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला लावायचा भोकाचा धातूचा तुकडा, बसतो त्याहून थोडी मोठी जागा वायर ब्रश आणि पॉलिश पेपरनं घासा, लोखंड चकाकेपर्यंत. नुसता रंग खरवडून थांबू नका, खालचा तपकिरी थरही गेला पाहिजे. थिंबल कल्हई केलेला तांब्याचा घ्या आणि क्रिम्पिंगच्या पकडीनं दाबून घ्या. हातोडीनं चेपलेला थिंबल चार महिन्यांत ढिला होतो. थिंबल थेट लोखंडावर, त्यावर दातेरी वॉशर, मग नट. पत्र्याच्या स्क्रूवर अर्थ देऊ नका, आणि एका बोल्टावर पाच-सहा थिंबल रचू नका. आवळून झाल्यावरच वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. डिझेल जीपला मुख्य केबल 35 चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका.

दिव्यांचं गणित सोपं आहे. दिवा चालू ठेवून बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत 0.1 व्होल्टच्या आसपास यावा. जास्त आला तर मी पत्रा घासत बसत नाही, काळी वायर सरळ चासीपर्यंत ओढतो. लाइट लावल्यावर टेंपरेचरचा काटा हलला, तर मीटरच्या पॅनेलचा अर्थ बघा.

2019 आणि 2021 च्या पुरात शाहूपुरीकडच्या ज्या गाड्या पाण्यात होत्या, त्यांचे थिंबल वरून चांगले दिसले तरी विश्वास ठेवू नका. वायरचं रबर दोन इंच सोलून बघा. आतलं तांबं काळं पडलं असेल तर लाल तांबं लागेपर्यंत कापत जा. लांबवर काळंच असेल तर वायर बदला.

आणि उसाच्या ट्रॉलीवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. तुमच्या मागच्या दिव्यांचा अर्थ हुकाच्या पिनमधून येतो. पिनला ग्रीस आणि माती, वर खड्ड्यात ट्रॉली उचलली की दिवा गेला. हंगामात रात्री बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मागून मोटरसायकल आदळते, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. सात पिनांच्या सॉकेटमध्ये तीन नंबरची पिन अर्थसाठीच असते. तिच्यातून अडीच चौरस मिलिमीटरची वेगळी वायर ट्रॅक्टरच्या चासीपासून थेट मागच्या दोन्ही दिव्यांपर्यंत न्या. वायर आणि सॉकेट धरून खर्च हजाराच्या आत बसतो, आणि कारखाना सुरू व्हायच्या आधी हे एका दुपारचं काम आहे.