घोरणे, स्लीप स्टडी आणि सीपॅप : झोपेत श्वास अडकत असेल तर काय करावे

कुणी जोरात घोरत असला की घरचे म्हणतात, ‘काय गाढ झोपलाय!’ बरेचदा स्थिती नेमकी उलटी असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. छाती-पोट हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागला की मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस मोठ्याने श्वास ओढतो आणि पुन्हा घोरू लागतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. या आजाराला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात.

आधी घरी काय पाहायचे

शेजारी झोपणाऱ्याने मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढावा. डोक्यापासून पोटापर्यंतचा भाग दिसला पाहिजे आणि आवाज नीट आला पाहिजे. शक्यतो पहाटे काढा, कारण स्वप्नांची झोप तेव्हा जास्त असते आणि त्या झोपेत, विशेषतः उताणे असताना, श्वास अधिक अडकतो. घोरणे मध्येच थांबून 10 सेकंद किंवा जास्त शांतता आणि मग घुसमटल्यासारखा श्वास, असे दिसले तर तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा.

सोबत गळ्याचा घेर मोजा. 40 सेंटिमीटरच्या वर असेल तर धोका वाढतो. दिवसा पेंग, सकाळी डोके जड, औषध घेऊनही न उतरणारे बीपी आणि रात्री वारंवार लघवीला उठणे याही खुणाच. लघवीसाठी लोक शुगर तपासतात, झोपेकडे कुणाचे लक्ष जात नाही. बारीक माणसाला हे होत नाही, असेही समजू नका. हनुवटी आत असलेल्यांना सडपातळ असूनही होते.

गाडी चालवताना डुलकी येत असेल तर उपचार लागू पडेपर्यंत गाडी दुसऱ्याने चालवावी. यात तडजोड नको.

तपासणी

छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ते स्लीप स्टडी सांगतील. रुग्णालयात रात्रभर होणाऱ्या तपासणीत डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला आणि पायांना तारा लावतात, नाकाशी नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. त्या दिवशी केस धुऊन जा आणि तेल लावू नका. तेलकट डोक्यावर तारा टिकत नाहीत. नेलपॉलिश काढा, दुपारनंतर चहा-कॉफी टाळा. नेहमीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, यादी सोबत न्या.

घरी नेऊन लावायचे छोटे यंत्रही मिळते आणि बहुतेकांना ते पुरते. पण त्यातली बहुतेक यंत्रे झोपेचे तास मोजत नाहीत, यंत्र चालू असलेले तास मोजतात. तुम्ही दोन तास नुसते पडून असाल तर तासाला किती वेळा श्वास अडकला, हा आकडा खोटा कमी येतो. म्हणून लक्षणे ठळक असूनही घरचा रिपोर्ट नॉर्मल आला, तर रुग्णालयातली तपासणी करून घ्या.

रिपोर्टमध्ये एएचआय शोधा : तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 किंवा त्याहून जास्त तीव्र.

उपचार

सौम्य आजारात वजन उतरवणे, कुशीवर झोपणे आणि रात्रीची दारू सोडणे यांनी बराच फरक पडू शकतो. काहींना दंतवैद्य खालचा जबडा पुढे धरणारे साधन बनवून देतात. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका. काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो.

मध्यम आणि तीव्र आजारात मुख्य उपाय सीपॅप. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये ही पद्धत मांडली. यंत्र मास्कमधून हलक्या दाबाने हवा सोडते आणि घसा उघडा राहतो. दाब साधारण 4 ते 20 सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका असतो. तो डॉक्टर ठरवतात. शेजाऱ्याचे जुने मशीन तसेच्या तसे लावू नका.

मशीन कपाटात जाऊन पडते ते बहुधा मास्कपायी. दुकानात बसून मास्क घालून पाहिला की छान बसतो, पण आडवे झाल्यावर गालांचा आकार बदलतो. म्हणून आडवे पडून, मशीन चालू ठेवूनच पट्टे जुळवा. हवा गळू लागली की सगळे पट्टा आवळतात, तिथेच चुकते : मास्कची मऊ कड, म्हणजे त्याची उशी, चेपते, गळती वाढते आणि नाकावर वळ उठतो. पट्टा सैल करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा टेकवा, मगच थोडा आवळा. दाट दाढीवर मोठा मास्क नीट बसत नाही. नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क मागा.

पहिले काही दिवस संध्याकाळी टीव्ही पाहताना अर्धा तास मास्क लावून बसा. सकाळी तोंड कोरडे पडत असेल तर तोंडातून हवा जातेय. आधी चोंदलेल्या नाकावर इलाज करा, नाहीतर तोंडही झाकणारा मास्क घ्या. एसीच्या खोलीत नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येतो. नळी पांघरुणाखालून घ्या. मशीनच्या हवा ओलसर करणाऱ्या टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, कारण पाणी उकळले तरी क्षार जात नाहीत. मास्कची उशी रोज साबणाच्या पाण्याने पुसा. प्रवासाला निघताना टाकी रिकामी करा, पाणी मोटरमध्ये गेले की मशीन बिघडते.

रोज किमान 4 तास वापर हा मशीन पुरेसे वापरले की नाही हे पाहण्याचा हिशेब आहे; मशीन झोपेभर लावायचे, दुपारच्या झोपेतही. महिन्याभराने मशीनमधली नोंद डॉक्टरांना दाखवा. मास्क लावूनही एएचआय 5 च्या वर राहत असेल तर दाब किंवा मास्क बदलावा लागतो. वजन बरेच घटले किंवा वाढले, तरी दाब पुन्हा तपासून घ्या.