गुरुवारचं तिकीट आणि शेवटची गाडी

न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला पहिल्यांदा बिग ईस्ट स्पर्धा, म्हणजे बिग ईस्ट गटातल्या कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा, बघायला येणारी बहुतेक मंडळी शनिवारच्या अंतिम सामन्याचं तिकीट काढतात. मी सांगतो, गुरुवारचं काढा. शनिवारी दोनच संघांचे लोक असतात आणि दरही चढलेले असतात. गुरुवारी एका दिवसात चार उपांत्यपूर्व सामने, आठ संघांचे पाठीराखे, आणि त्यांतल्या निम्म्यांचा निकाल रात्रीपर्यंत लागलेला.

तिकीट काढण्याआधी स्पर्धेची मांडणी डोक्यात बसवा. संघ अकरा. वरच्या पाचांना पुढे चाल मिळते, खालचे सहा बुधवारी तीन सामने खेळतात. शुक्रवारी उपांत्य, शनिवारी अंतिम. तिकीट सामन्याचं नसतं, सत्राचं असतं. गुरुवारी दुपारचं सत्र वेगळं, संध्याकाळचं वेगळं. दुपारी आत बसलात म्हणून रात्रीपर्यंत बसू देत नाहीत. पहिल्या मानांकनाचा संघ भर दुपारी बाराला उतरतो, म्हणजे त्यासाठी ऑफिसातून अख्खी रजाच टाकावी लागते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मानांकनाचे संघ संध्याकाळी. तुम्हाला आपलाच संघ बघायचा असेल तर साखळी सामने संपून क्रमवारी पक्की होईपर्यंत थांबा. नुसतं बास्केटबॉल बघायचं असेल तर थांबायचं काही कारण नाही.

दुपारच्या सत्राला कमी लेखू नका, एवढं मात्र सांगतो. 2011 मध्ये याच वेळेला केम्बा वॉकरने अखेरच्या क्षणी एक पाऊल मागे घेत चेंडू टाकला आणि पहिलं मानांकन असलेला पिट्सबर्ग 76-74 असा घरी गेला. कनेटिकट तेव्हा नवव्या मानांकनावर होतं. पाच दिवसांत पाच सामने जिंकून त्यांनी ही स्पर्धा मारली आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही. देशभरच्या कॉलेज संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं दार इथल्या विजेत्याला थेट उघडतं, म्हणून हंगामभर मार खाल्लेला संघही बुधवारी जीव तोडून खेळतो.

जागा निवडताना 200 क्रमांकाच्या विभागांतल्या अगदी मागच्या रांगा टाळा. नूतनीकरणात छताखाली प्रेक्षकांना बसायला जे पूल टांगलेत, त्यांच्यामागे वरचा मोठा धावफलक लपतो. मैदान दिसतं, पण गुण किती झाले हे शेजाऱ्याला विचारत बसावं लागतं.

तिकीट फोनवर असतं, तेव्हा फोन पूर्ण चार्ज करा आणि जोडीला पॉवर बँक घ्या. दारावर ओळख चालत नाही. इथल्या निक्स संघाचा जुना दिग्गज खेळाडू पॅट्रिक युइंग, त्याचा 33 क्रमांकाचा जर्सी याच छताला टांगलेला आहे, तरी 2021 मध्ये जॉर्जटाउनचा प्रशिक्षक म्हणून आला असताना पास दाखवा म्हणून त्याला अडवत होते. त्याने तिथेच जाहीर तक्रार केली, आणि दोन दिवसांनी आठव्या मानांकनाच्या जॉर्जटाउनने चषक नेला. आपण युइंग नाही. मोठी बॅग तर आणूच नका. आत नेऊ देत नाहीत.

कपड्यांचं म्हणाल तर रंग बघून घाला. सेंट जॉन्स हा क्वीन्समधला, म्हणजे घरचाच संघ, त्यांचा लाल. 2025 मध्ये क्रेटनला 82-66 हरवून 2000 नंतर पहिल्यांदा ते जिंकले, तेव्हा वरपासून खालपर्यंत गार्डन लाल होतं. आपण न्यू जर्सीवाले बऱ्याचदा सीटन हॉलचा निळा घालतो आणि बुधवारीच घरी परततो, ते वेगळं. बाहेर मार्चची थंडी, आत माणसांची ऊब, त्यामुळे स्वेटरपेक्षा काढून मांडीवर ठेवता येईल असं पातळ जाकीट बरं. अधूनमधून सेंट पॅट्रिक्स डेची मिरवणूक नेमकी अंतिम सामन्याच्याच दिवशी येते, 2024 ला तशी आली होती. तेव्हा गार्डनखालच्या पेन स्टेशनात शिरण्यासाठी अर्धा तास जास्तीचा धरा.

खाणं गाडीतच उरका. दशम्या आणि चटणी एडिसन ते पेन स्टेशनच्या प्रवासात सहज संपतात. आतले भाव ऐकून पाहुणे मनातल्या मनात रुपये मोजायला लागतात. उठायचंच असेल तर वीस मिनिटांच्या प्रत्येक अर्ध्या डावात घड्याळावर 16, 12, 8 आणि 4 मिनिटं उरल्यानंतर खेळ जिथे पहिल्यांदा थांबेल तिथे उठा. टीव्हीच्या जाहिरातींसाठी तेव्हा मोठी विश्रांती असते. मध्यंतराला उठणारा रांगेतच उरतो.

भारतातले नातेवाईक पहाटे उठून बघणार असतील तर त्यांना वेळ नीट कळवा. आपली इथली अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, आणि मग फरक साडेनऊ तासांचा होतो. गुरुवारी रात्री साडेनऊचा सामना म्हणजे साताऱ्यात शुक्रवारचे सकाळचे सात.

आणि गाडी. गार्डन पेन स्टेशनच्या डोक्यावरच उभं आहे, त्यामुळे जिना उतरला की फलाट, या भरवशावर माणूस निर्धास्त होतो. शेवटच्या गाडीची वेळ आदल्या दिवशी बघून कागदावर लिहा, तिच्या आधीच्या गाडीचीही लिहा. बरोबरी झाली की पाच मिनिटं जादा, पुन्हा बरोबरी की पुन्हा पाच. 12 मार्च 2009 च्या गुरुवारी सिरॅक्यूज आणि कनेटिकट असे सहा वेळा खेळले. 127-117, तीन तास शेहेचाळीस मिनिटं, आणि संपेपर्यंत मध्यरात्रीचा एक वाजून गेलेला. सिरॅक्यूजची पोरं त्याच दिवशी संध्याकाळी उपांत्य सामन्याला परत उभी राहिली, आणि तोही जादा वेळेत जिंकली.

म्हणून मी कार मेट्रोपार्क स्टेशनला लावतो, शुक्रवारी सकाळी कुठलीही मीटिंग ठेवत नाही, आणि घराची किल्ली न विसरता खिशात टाकतो. एकदा विसरलो होतो. रात्री अडीच वाजता बेल वाजवून घरच्यांना ओव्हरटाइम समजावून सांगणं फार अवघड जातं.