लिनक्सवर विंडोजवाले प्लेअर शोधताय? आधी हे बघा

उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, विंडोज मीडिया प्लेअर कुठंय आणि आयट्यून्स कसं टाकायचं. तर दोन्ही लिनक्ससाठी कधी आलेच नाहीत, विषय संपला. वाइनमधून, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, आयट्यून्स चालवायच्या नादी तर लागूच नका, नुसता डोक्याला ताप. त्यापेक्षा आधी हे बघा की तुमच्या गाण्याला किंवा पिक्चरला कुलूप आहे का, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून कंपनीने घातलेलं डीआरएम. कुलूप नसेल तर प्लेअर कुणाचाही असला तरी काही अडत नाही.

बिनकुलपाच्या फाइलींसाठी व्हीएलसी हा प्लेअर टाका. डब्ल्यूएमए, डब्ल्यूएमव्ही, रिअलप्लेअरच्या जमान्यातल्या बऱ्याचशा आरएम फाइली, सगळं वाजवतो. आयट्यून्सवर २००९ नंतर विकत घेतलेली गाणीपण वाजतात कारण ॲपलने त्या वर्षी गाण्यांवरचं कुलूप काढलं, पिक्चरवरचं मात्र तसंच आहे.

उबुंटूचा स्वतःचा प्लेअर कोडेक (फाइल उलगडून वाजवणारा भाग) नाही म्हणून अडून बसला तर टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, उबुंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज हे पॅकेज टाका. मधेच मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टचं लायसन्स दाखवणारी स्क्रीन येते, तिथे माउस चालत नाही आणि नवीन माणसाला वाटतं मशीन हँग झालं, तर टॅब दाबून ओकेवर जा, एंटर मारा, पुढच्या पानावर येसवर जाऊन परत एंटर. फेडोरावाल्यांनी (हा लिनक्सचा दुसरा प्रकार) कोडेकसाठी आरपीएम फ्यूजन हा जादा सॉफ्टवेअरचा साठा चालू करायचा. उबुंटूवर पिक्चरच्या डीव्हीडी लावायच्या असतील तर लिबडीव्हीडी-पीकेजी हे पॅकेज टाका, पण नुसतं टाकून भागत नाही, वरून त्याच पॅकेजवर डीपीकेजी-रिकन्फिगर ही कमांड चालवावी लागते, हे निम्मे लोक विसरतात.

आता कुलूपवाले, म्हणजे नेटफ्लिक्स वगैरे. यांचं लिनक्ससाठी ॲप नाही, ब्राउझरमध्येच बघायचं. क्रोममध्ये गूगलचं वाइडवाइन, म्हणजे हे कुलूप उघडणारं सॉफ्टवेअर, आधीच असतं. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये जनरलखाली डीआरएमची खूण करा, मग तो वाइडवाइन स्वतःच उतरवून घेतो. डेबियन या लिनक्सच्या आणखी एका प्रकारातल्या क्रोमियम ब्राउझरमध्ये ते नसतं, त्यामुळे तिथे व्हिडिओ चालला नाही की नेटला शिव्या देऊ नका. फोरके (4K, एकदम बारकाव्याचं चित्र) मात्र विसरा, प्लॅन कितीही महागाचा घेतलात तरी लिनक्सवर ते मिळत नाही.

स्पॉटिफायचं खरंखुरं लिनक्स ॲप आहे, स्नॅप या उबुंटूच्या ॲप टाकायच्या सोयीतून एका क्लिकमध्ये येतं. फक्त ते त्यांचे इंजिनिअर रिकाम्या वेळात सांभाळतात आणि कंपनी अधिकृत सपोर्ट देत नाही, त्यामुळे कधी बिघडलं तर कस्टमर केअरशी भांडून उपयोग नाही, सरळ ब्राउझरमधलं वेब प्लेअर उघडा.

आणि ब्राउझरमधले जुने गेम नि व्हिडिओ चालवणारा फ्लॅश प्लेअर कुठून डाउनलोड करू असं अजूनही कोणी विचारत असेल तर कुठूनच नको, ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला तो बंद केलाय आणि आता त्या नावाने जे काही मिळतं ते बहुतेक व्हायरसच असतं. जुने एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशच्या फाइलींतले, गेम खेळायचेच असतील तर रफल हा प्रोग्रॅम वापरा, ओपन सोर्स आहे, ब्राउझरचं एक्स्टेन्शनपण मिळतं.