सासऱ्यांसाठी शिजवलेलं सफरचंद

माझ्या सासऱ्यांना कच्चं सफरचंद पचत नाही, पोट फुगतं. म्हणून मी ते शिजवूनच देते. सफरचंद सोलून, बिया काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. पातेल्यात अर्धी वाटी पाणी, 2 लवंगा, दालचिनीचा छोटा तुकडा. झाकण ठेवून मंद आचेवर 10-12 मिनिटं. फोड चमच्याने सहज दबली की झालं. कुकर नको, पार लगदा होतो. आणि उरलेलं पाणी अजिबात ओतून देऊ नका! सफरचंदातलं पेक्टिन त्यात उतरलेलं असतं. हा पाण्यात विरघळणारा तंतू मल मऊ ठेवायला मदत करतो. वरून अर्धा चमचा तूप. साखर घालायचीच नाही. कोमट असतानाच द्या. मधुमेह असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.