समुद्रतळाची वाळू: प्रोजेक्टात या चुका टाळा

ठाण्यात भूगोल शिकवताना दरवर्षी तीच आकृती तपासायला येते. किनाऱ्याला मोठे ठिपके, पुढे बारीक, शेवटी नुसत्या रेघा. म्हणजे वाळू काठाला आणि चिखल आत. आकृती देखणी असते, पण आपल्या समोरच्या समुद्रात नेमकं उलटं आहे.

ओहोटीला ऐरोलीला ठाणे खाडीच्या काठावरून मूठभर गाळ उचला आणि बोटांत चोळा. साबणासारखा बुळबुळीत लागतो, खरखर जवळपास नाहीच. (कण दाताखाली धरून बघायची जुनी पद्धत आहे. खाडीचं पाणी पाहता ती राहू द्या.) किनाऱ्यालगत असा चिखल आणि त्याच्या कितीतरी पलीकडे, समुद्रबूड जमिनीच्या (किनाऱ्यापासून पाण्याखाली पसरलेल्या उथळ, मंद उताराच्या तळाच्या) बाहेरच्या भागात, वाळू. मुंबईसमोर ही जमीन सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे. एवढ्या लांब वाळू नेली कोणी?

कोणीच नाही. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होती. घोडबंदर रोडवरचा चाळीस मजली टॉवर डोळ्यांसमोर आणा, तेवढी. किनारा तेव्हा पार तिकडे होता. हिमनद्या वितळल्या, पाणी चढत आलं, किनारा मागे सरकला आणि त्याची वाळू जागच्या जागी राहून गेली. सागरी भूवैज्ञानिक के. ओ. एमरी यांनी 1968 मध्ये जगातल्या समुद्रबूड जमिनीचा सुमारे 70 टक्के भाग अशा जुन्या, मागे राहिलेल्या गाळाखाली असल्याचा अंदाज मांडला होता.

इथेच पुढची चूक होते: ‘ही वाळू नद्यांनी आणली.’ मुंबईसमोरच्या त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा आणि माशाच्या अंड्यांसारखे गोल, चुन्याचे कण भरपूर आहेत. असे गोल कण उथळ, घुसळत्या पाण्यातच तयार होतात. आज ते खोल पाण्याखाली सापडतात, हाच जुन्या उथळ समुद्राचा पुरावा. सह्याद्रीचा बेसाल्ट झिजून असली वाळू होत नाही.

मग नदीची वाळू जाते कुठे? ‘पाणी वाढलं की ती समुद्रात लांब पसरते’ हे उत्तर हमखास येतं आणि हमखास चुकतं. पाणी चढलं की नदीचं खोरं बुडतं, त्याची खाडी होते आणि जड वाळू तिथेच अडकते. मुंब्र्याच्या रेतीबंदराचं नाव आठवा. खाडीतली रेती उपसून उतरवायची ती जागा. उलट पातळी खाली असताना नद्या उघड्या पडलेल्या जमिनीवरून पार कडेपर्यंत वाहतात, खोरी कोरतात आणि वाळू थेट खोल उताराच्या तोंडाशी नेऊन टाकतात.

आता याचाही नियम करून टाकू नका. आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या मुखातच सागरी घळ, म्हणजे समुद्रतळावरची खोल दरी, सुरू होते, त्यामुळे आज पातळी वर असूनही तिची वाळू खोल समुद्रात उतरते. गंगा-ब्रह्मपुत्रेने तर एवढा गाळ आणला, की सुमारे 11,000 वर्षांपूर्वी, समुद्र चढत असतानाच, त्यांचा त्रिभुज प्रदेश वाढू लागला. पातळीइतकंच गाळ किती येतो हेही बघावं लागतं.

उत्तर जुळत नसेल तर नकाशावर 120 मीटर खोलीची रेषा पेन्सिलीने काढा आणि नद्या तिथवर वाढवा. मग ठिपके भरा.